अस्सल गाडी कोणती? परभणीच्या जुन्या ट्रक-जीपांविषयी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य आमच्या जिल्ह्यातल्या पोराला शाळेत जायच्या आधीच पाठ होतं. ते कुठून आलं याच्या दहा जण दहा कथा सांगतात. माझ्याकडे कथा नाही, पण माझ्यापुरता एक अर्थ आहे आणि तो गाड्यांचा आहे. माझ्या लहानपणी जिंतूर रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकचं इंजिन मूळचं जर्मन होतं. पुढे ज्या काळ्या-पिवळ्या ट्रॅक्समध्ये गुडघ्याला गुडघा लावून आम्ही पाथरी-मानवत केलं, तिचंही इंजिन जर्मन. ती इंजिनं आखणाऱ्यांच्या स्वप्नातही नसतील अशा रस्त्यांवर आणि अशा ओझ्याखाली ती चालती ठेवली ती मात्र परभणीच्या मिस्त्र्यांनी.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून एक संग्राहक आमची जीप बघायला आले. जुन्या गाड्या जमवणारे, अभ्यासू गृहस्थ. १९७१ सालची सीजे-३बी म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. त्यांनी बोनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि हळूच बंद केलं. म्हणाले, “इंजिन ओरिजिनल नाही हो. मग ही नुसतीच जुनी जीप झाली.” चहा घेऊन ते गेले. त्यांचं काही चुकलं होतं असं नाही. पण तो ‘ओरिजिनल’ शब्द माझ्या डोक्यातून जाईना. अस्सल गाडी म्हणजे नेमकी कोणती? कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली, की पन्नास वर्षं चालत राहिलेली? हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून लिहिला आहे.

माझा अधिकार एवढाच की, मी सदतीस वर्षं एका बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये होतो. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पालम असा सगळा जिल्हा फिरलो. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या कर्जांसाठी चेसी नंबर तपासायला जावं लागे. नंबर तपासून झाला तरी मी गॅरेजमध्ये बसून राहत असे. वहीत टिपणं काढायची सवय तिथलीच.

ट्रक : आकड्यांचं व्याकरण

टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ची. सुरुवातीला ती रेल्वेची इंजिनं बांधत असे. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये करार संपला. समोरच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी इंग्रजी ‘टी’ आला. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं ट्रकला ‘बेंझ’च म्हणत.

या ट्रकांच्या आकड्यांना एक व्याकरण आहे. ते कळलं की गाडी अर्धी कळते. १२१० मधले पहिले दोन आकडे म्हणजे गाडी आणि माल मिळून साधारण १२ टन. पुढचा १० दहाने गुणला की साधारण १०० अश्वशक्ती. त्याच हिशोबाने १९८६ मध्ये आलेली ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तर अश्वशक्ती. इंजिनाचं व्याकरण वेगळं. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. त्याआधीचं ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर. सुमो आणि सिएराचं ४८३ म्हणजे चार, ८३ मिलिमीटर. गंगाखेडच्या एका सुट्या भागांच्या दुकानात इंग्रजीचं अक्षर न वाचता येणारा नोकर होता. पण ‘सहा-सत्त्याण्णव’ म्हटलं की नेमक्या फळीवरून नेमकी रिंग काढून देई.

मला विचाराल तर आपल्या रस्त्यांवर आलेला सर्वांत समजूतदार ट्रक म्हणजे १२१०. वेगवान नव्हता, आरामशीर तर मुळीच नव्हता. पण तो उघडता येत असे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. त्या काळच्या इंजिनात डिझेल मोजून, ठरल्या क्षणी, ठरल्या सिलिंडरला पाठवण्याचं काम संपूर्ण यांत्रिक पंप करीत असे. म्हणजे इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरजच नाही. बॅटरी बसलेली असली तरी चार माणसांनी ढकलून गाडी सुरू व्हायची आणि मग गंगाखेडपासून थेट कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत जायची. डिझेल संपून नळीत हवा शिरली तर क्लीनरनेच हातपंप मारून ‘एअर काढायची’. ते काम सोळा वर्षांच्या पोराला येत असे. आजच्या इंजिनात तेच काम संगणक करतो आणि तो शंभर पटींनी अचूक करतो. फक्त तो बिघडला की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही.

चेसी वेगळी, बॉडी वेगळी

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुना ट्रक किंवा जुनी जीप म्हणजे लोखंडी शिडीसारखी चेसी. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, धुरे, पाटे बसवलेले. बॉडी तिच्यावर नटबोल्टांनी आवळलेली. सगळा भार शिडी उचलते. बॉडी ही वरची पगडी. आजच्या बहुतेक मोटारींत अशी शिडी नसते. पत्र्याचा पिंजराच भार उचलतो. त्यामुळे गाडी हलकी होते, अपघातात आतल्या माणसांना जास्त वाचवते. पण त्या पिंजऱ्याला कुठे कापलंत तर गाडीचा कणाच कापला जातो.

शिडी वेगळी असल्यामुळे त्या काळी ट्रक अर्धाच विकत मिळे. इंजिन, चेसी, चाकं आणि समोरचा पत्रा एवढं घेऊन ड्रायव्हर उघड्या सीटवर, डोक्याला उपरणं बांधून, शेकडो मैल यायचा. मग केबिन आणि हौदा बांधायचा सुताराने. फाळका किती उंच, खालच्या फळ्या कोणत्या लाकडाच्या, टपावर सामानाची जाळी हवी की नको, हे मालक ठरवी. उसासाठी वेगळा हौदा, कापसासाठी वेगळा. आपली एसटीही तशीच. टाटा किंवा लेलँडच्या चेसीवर महामंडळाच्या दापोडी, हिंगणा आणि आमच्या जवळच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळांत बसची बॉडी चढत असे.

म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा ती गाडी अपुरीच होती. ती पूर्ण होत असे आमच्याकडे. मग तिची ‘मूळ’ अवस्था कोणती धरायची? संग्राहकांना मी हे विचारायला हवं होतं. सुचलं ते त्यांची गाडी नजरेआड झाल्यावर.

जीप : उंच बोनेटचं कारण

महिंद्र कंपनीही १९४५चीच. तेव्हा तिचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४७ मध्ये विलीज जीपचे पंच्याहत्तर सुटे संच मुंबईत आले. तिथून या गाडीचं भारतातलं आयुष्य सुरू झालं.

युद्धातल्या जीपचं बोनेट बसकं होतं. सीजे-३बीचं बोनेट मात्र कपाळ मोठं असलेल्या माणसासारखं उंच. कारण तिचं हरिकेन इंजिन. आधीच्या इंजिनात दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूला असत. हरिकेनमध्ये हवा आत घेणारी झडप सिलिंडरच्या डोक्यावर नेली. इंजिनाला श्वास चांगला मिळाला, ताकद वाढली, पण उंचीही वाढली. मग बोनेट वर उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अमेरिकेत ती जीप कुरूप म्हणून हिणवली गेली. मला वाटतं, त्या कुरूपपणानेच तिला इथे दीर्घायुष्य दिलं. कारण त्या उंच बोनेटखाली पुढे डिझेल इंजिनाला जागा मिळाली.

ते डिझेल इंजिन कुठून आलं, हे आमच्यासारख्या शेतीच्या जिल्ह्याच्या दृष्टीने कळीचं आहे. १९६३ मध्ये महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर आमच्याकडे घरोघरच्या बोलण्यात होता. त्याच इंजिनाचं भावंड कंपनीने डिझेल जीपमध्ये घातलं. त्यामुळे ट्रॅक्टर खोलणाऱ्या प्रत्येक मिस्त्र्याला जीपही खोलता येऊ लागली. सोनपेठसारख्या गावात मोटारीचा कारागीर नव्हता. पण ट्रॅक्टरचा होता. जीप खेड्यात टिकली ती केवळ चार चाकं ओढते म्हणून नाही. तिचं पोट उघडणारा माणूस पाच कोसांच्या आत होता म्हणून.

चार चाकं ओढण्याचा उपयोग आमच्या काळ्या मातीला विचारावा. पावसाळ्यात ती फुगते, चाकाला चिकटते आणि मडगार्डमध्ये जाऊन बसते. इथे जीपचे अरुंद टायर कामाला येत. अरुंद टायर वरचा चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. वाळूत उलटं असतं. आज ‘एसयूव्ही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांची फक्त पुढची दोन चाकं ओढतात आणि टायर मात्र तव्यासारखे रुंद असतात. त्या वाईट गाड्या नाहीत. पण ऑगस्टमध्ये आमच्या पांदीत त्यांना ओढायला बैलजोडी तयार ठेवावी.

काळी-पिवळी आणि पुढाऱ्याची गाडी

ज्याला इतर लोक एसयूव्ही म्हणतात त्याच्या आमच्याकडे दोन जाती होत्या : माणसं भरायची आणि पुढारी बसायची.

पहिल्या जातीत कमांडर आणि ट्रॅक्स. ट्रॅक्स आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स. तिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावर बनणारं ओएम-६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन होतं. जर्मनीत याच घराण्याचं इंजिन लावलेल्या मर्सिडीज गाड्या टॅक्सी म्हणून धावत. आमच्याकडेही ते टॅक्सीलाच लागलं. फरक इतकाच की तिकडे मागे तीन माणसं बसत, इकडे मोजदाद लटकणाऱ्यांना सोडून करावी लागे. एसटी चुकलेला विद्यार्थी, तालुक्याला तारखेला निघालेला म्हातारा, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळ्यांना याच गाड्यांनी नेलं.

दुसऱ्या जातीत जीपनंतर आर्मडा आली, १९९४ मध्ये सुमो, १९९८ मध्ये सफारी, २००२ मध्ये नाशिकला बनलेली स्कॉर्पिओ. सुमो हे नाव टेल्कोचे अनेक वर्षांचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जपानी पहिलवानाशी तिचा संबंध नाही. सुरुवातीची सुमो आणि सफारी दोन्हींच्या पोटात १९४८ सीसीचं ४८३ घराणंच होतं. सफारीत त्याला टर्बो जोडला होता. लग्नात सफारी बघून हरखणाऱ्या मंडळींना मी हे सांगितलं की ती नाराज होत.

आमची आवड बाजूला ठेवून पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. कुर्ल्याची पद्मिनी, मुंबई-नाशिकची जीप, पिंपरीची ४०७ आणि सुमो, आकुर्डीची ट्रॅक्स. आमच्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या याच राज्यात जन्मल्या. पण त्यांचा इतिहास लिहिला गेला तो कारखान्याच्या फाटकापर्यंतच. फाटकाबाहेर चाळीस वर्षं त्यांचं काय झालं, हे कुणी लिहिलं नाही.

न आलेली स्पोर्ट्स कार

तरुणपणी माझ्या खोलीच्या भिंतीवर लाल रंगाच्या परदेशी स्पोर्ट्स कारचं चित्र होतं. परभणीत तशी गाडी मी आजवर पाहिलेली नाही. आमच्या वाट्याला आलेल्या वेगाच्या स्वप्नाचं नाव कोन्टेसा. १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने ती आणली. अंग ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं. लांब नाक, रुंद खांदे. मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे पांढरी कोन्टेसा होती आणि ती बघायला मी सायकलने गेलो होतो. पण सुरुवातीच्या कोन्टेसात ॲम्बॅसडरचंच दीड लिटरचं, पन्नास अश्वशक्तीचं इंजिन होतं. पहिलवानाचे कपडे कारकुनाला घालावेत तसं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा ती खरी धावली.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये तीच चूक केली. स्टँडर्ड २००० चं अंग रोव्हरचं, देखणं. इंजिन मात्र जुन्या जमान्यातलं. चढ्या किमतीची ती गाडी काही वर्षांतच बंद पडली.

वेग हा केवळ ताकदीचा प्रश्न नसतो, ताकद भागिले वजन असा तो हिशोब असतो. याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अलिबागजवळ चिंकारा नावाच्या छोट्या कंपनीने लोटस सेव्हनच्या धर्तीवर उघडी दोन आसनी गाडी बनवली. इंजिन तेच, कोन्टेसाचं इसुझू. पण ना दारं, ना छप्पर, ना डिकी. वजन कितीतरी कमी. तेच इंजिन एका गाडीत साहेबासारखं चालतं, दुसरीत वासरासारखं उधळतं.

म्हणून माझं मत ऐकाल तर मराठवाड्याची खरी स्पोर्ट्स कार म्हणजे मारुती जिप्सी. १९८५ची. ९७० सीसी, पंचेचाळीस अश्वशक्ती; आकडे ऐकून हसू येईल. पण वजन टनाच्या आसपास आणि सुकाणू फिरवताच नाक वळतं. येलदरीच्या वाटेवर खडीवरून ती ज्या चपळाईने जाते, तिथे भिंतीवरची लाल गाडी पोट घासून बसली असती. पाटे मात्र इतके कडक की पाठीचा मणका न् मणका मोजून घ्यावा. सिएराचंही मला कौतुक आहे. मागच्या बाजूची ती वळणदार बंद काच १९९१ मध्ये कुणाच्या कल्पनेतही नव्हती. पण तिचं पहिलं इंजिन त्या अंगाला कमी पडत होतं, हे प्रेमानेच सांगतो.

कौतुक किती करावं?

जुन्या गाड्यांविषयी लिहिणारे बहुतेक जण इथे थांबतात. मला थांबता येत नाही, कारण मी त्यांच्यात बसलो आहे. त्या काळच्या ट्रकच्या केबिनमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशी असे. मे महिन्यात गुडघा भाजत असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, ते चाळीस वर्षं उशिरा झालं असं मी म्हणेन. आमच्या जीपला सीटबेल्ट नाही, एअरबॅग तर दूरच. समोरून धडक बसली तर सुकाणूचा दांडा सरळ छातीत येईल. काळ्या-पिवळ्यांच्या अपघातांच्या बातम्या आम्ही इतक्या वाचल्या की आकडे लक्षात राहीनासे झाले. आणि धूर. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६च्या मापाने आमच्या जीपचा धूर मोजायला गेलो तर यंत्रच शरमेल.

तेव्हा सगळ्या जुन्या गाड्या रस्त्यावर ठेवा, असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून बाद झाली. त्यातल्या पुष्कळ मोडीत जाण्याच्याच लायकीच्या होत्या. गाडी मोडीत गेली याचं दुःख नाही. तिच्याबरोबर काय मोडीत जातं, हे बघायला हवं.

आमची जीप

आमची जीप दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८३ मध्ये सरकारी लिलावात घेतली. पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. १९८६ मध्ये पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली तेव्हा आई म्हणाली, “इकून टाका ते धूड.” दादा म्हणाले, “चालायलीय तवर कशाला इकायची?” त्याच सुमारास पाथरी तालुक्यात एक ट्रॅक्टर विहिरीत कोसळला होता. माणूस वाचला, ट्रॅक्टर मोडला, इंजिन शाबूत राहिलं. दादांनी ते घेतलं आणि परभणीच्या एका मिस्त्र्याकडे नेलं. त्यांना सगळे चाचा म्हणत. मीही चाचाच म्हणतो.

ट्रॅक्टरचं इंजिन जीपच्या गिअरबॉक्सला जोडायचं म्हणजे दोन अनोळखी माणसांचं लग्न लावण्यासारखं. दोघांच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत. त्यासाठी मध्ये लोखंडी प्लेट लागते. एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. भोकं पाडणं सोपं. अवघड आहे ते केंद्र साधणं. गिअरबॉक्सचा दांडा फ्लायव्हीलच्या नेमक्या मध्यात शिरला पाहिजे. केसाएवढा फरक राहिला तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं आणि क्लच जातो. चाचांनी एका मोडक्या गिअरबॉक्सचा दांडा कापून त्याचंच माप बनवलं. तो दांडा प्लेटमधून हाताने फिरवत, कान लावून, ते तासभर बसून राहिले. मी घाई केली तेव्हा म्हणाले, “गाडी को जबान नै रहती साब, सुनना पडता.”

इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. थरथर फार, म्हणून ट्रकच्या जुन्या टायरमधून रबर कापून इंजिनाखाली बैठका केल्या. ट्रॅक्टरचं इंजिन सावकाश फिरणारं, त्यामुळे जीपचा वेग गेला. साठाच्या पुढे ती आजही जात नाही. पण ओल्या रानात, पहिल्या गिअरमध्ये, नांगर लावावा तशी निघते. बदलाची नोंद रीतसर आरसी पुस्तकात झाली : इंधन, डिझेल.

काढलेलं हरिकेन इंजिन गोठ्यात पडून होतं. १९९७ मध्ये दादा पंढरपूरला गेले असताना मी ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिलं. जागा मोकळी होईल, एवढाच विचार केला. दादा परत आले, गोठ्यात गेले, बाहेर आले. बोलले काहीच नाहीत. संध्याकाळी त्या रिकाम्या जागेवर त्यांनी सरकीच्या पेंडीचं पोतं ठेवलं. ते इंजिन आज असतं तर पुण्याच्या गृहस्थांनी जीपचं मोल कितीतरी जास्त केलं असतं. पण मला बोच लागते ती पैशांची नाही. ज्यातून चाचांनी काय बदललं हे दाखवता आलं असतं, तो पुरावाच मी तोलून विकला.

कायद्यातलं अस्सल

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. वीस हजार रुपये भरा, नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं मिळतात, नोंदणी दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी नेता येत नाही. आणि मुख्य अट अशी की, गाडी मूळ रूपात असावी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

नियमाचा हेतू चांगला आहे. संग्रहालयात ठेवायची वस्तू मूळ रूपात हवी, हे मलाही मान्य. पण या अटीने वारशाची व्याख्या एका विशिष्ट घरापुरती होते. जिच्यासाठी गॅरेज होतं, दुसरी गाडी होती, आणि जी फक्त रविवारी बाहेर निघाली, तीच मूळ रूपात राहू शकते. जिला पोट भरायचं होतं, ती बदलली. खेड्यातली जुनी गाडी बदलली नसती तर १९८६ मध्येच भंगारात गेली असती. म्हणजे आमची जीप पन्नाशी ओलांडू शकली ज्या बदलामुळे, त्याच बदलामुळे ती पन्नाशीच्या मानाला अपात्र ठरते.

माझा कायद्याशी भांडण करण्याचा विचार नाही. मनमानी बदल धोकादायक असतात. कलम ५२ त्यांना आवर घालतं ते योग्यच आहे. मागणी छोटी आहे. या बदलांची कुठेतरी नोंद व्हावी. देवळाच्या जीर्णोद्धाराची आपण नोंद ठेवतो, कुणी कोणता खांब बदलला ते शिलालेखात कोरतो. एका पिढीने परदेशी यंत्रं आपल्या माती-पाण्याला कशी जुळवली, हे ज्ञान त्याहून कमी मोलाचं नाही. तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलांनी आपल्या गावातल्या एकेका जुन्या मिस्त्र्याकडे आठ दिवस बसून मापं, आकृत्या, युक्त्या लिहून घेतल्या तरी मोठं काम होईल. गाड्या नंतर खुशाल मोडीत जाऊ देत.

दिवाळीच्या आधी मी चाचांकडे वही घेऊन गेलो होतो. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. हात थरथरतो, पान्हा धरवत नाही. मुलाचं दुकान त्याच जागेवर आहे, पण तो नव्या गाड्यांना संगणक जोडून दोष शोधतो आणि चांगला शोधतो. मी विचारलं, “चाचा, आपल्या जीपची प्लेट किती जाड होती?” त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणली, थोडी उघडली, जरा मिटली. “पांच सूत,” म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. घरी येऊन मी जीपखाली शिरलो आणि मोजपट्टी लावली. पाच सूतच भरले.

पुढच्या वर्षी आमच्या जीपची पाच वर्षांची मुदत पुन्हा संपते. वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी आता दहा हजार झाली आहे. तपासणीत ती उतरली तर मी फी भरेन. नाही उतरली तर तिला मोडीत देण्याआधी ती प्लेट काढून घेईन आणि चाचांच्या मुलाच्या दुकानात, ज्या भिंतीवर आज एका टायर कंपनीचं कॅलेंडर आहे, तिथे लावायला देईन. खाली लिहायचा मजकूर वहीत तयार आहे : जाडी पाच सूत, केंद्र कानाने साधलेलं, परभणी, १९८६.